वच्छलामावशीचे दोन धागे

औरंगपुऱ्यात माझं औषधाचं दुकान आहे आणि माझा आवाज अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. "मोनिका मॅडमला उलटं विचारू नका," असं शेजारचे दुकानदार गिऱ्हाइकांना बजावतात. वच्छलामावशीनं मात्र माझी बोलती बंद केली. ती हकिकत मी येईल त्याला सांगते.

मावशी मेंढपाळाच्या घरची. मुलगा बिभीषण वाळूजच्या एका कंपनीत, म्हणून म्हातारा-म्हातारी बजाजनगरला त्याच्याकडे आली. मेंढरं गेली, घरामागं एक शेळी तेवढी उरली. नवऱ्याचं नाव कारभारी, त्यांना कंपवात. हात थरथरायचे, पण त्याहून वाईट म्हणजे चालता चालता पाय जागीच खिळायचे. जन्मभर कळपामागं रानोमाळ फिरलेला माणूस, उंबरा ओलांडायला दोघांचा आधार मागायचा.

आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते रसायनांच्या हाती. हालचालीसाठी त्यातलं डोपामिन फार मोलाचं. ते बनवणाऱ्या पेशीच मरत गेल्या, की मन म्हणतं चल आणि पाय ऐकतच नाहीत. गोळीतलं औषध मेंदूत पोचून त्याचं डोपामिन होतं. कारभारींना दीड वर्षात, दोनदा डोस वाढवूनही, गुण नव्हता. डॉक्टर म्हणाले, "महिनाभरात फरक पडला नाही तर हा कंपवात नाही, आजार वेगळाच धरावा लागेल. त्याला फारसं औषध नाही." बाप आता अंथरुणालाच खिळणार म्हणून बिभीषण तर खाट बघायला लागला होता.

त्याच महिन्याच्या शेवटी मावशी ऐन गर्दीत दुकानात आली आणि पिशवीतून लोकरीचे दोन धागे काढून काउंटरवर ठेवले. एक पांढरा, एक काळा.

"अहो मावशी, हे लोकरीचं दुकान आहे का? गोळ्या घ्या आणि सरका!" मी खेकसले.

ती जागची हलली नाही. "ऐका तर. आमच्यात कोरड्या पोटी औषध देत नाय, गरम पडतं. मी गोळीसंगं पेलाभर दूध देते. मधी शेळी गाभण व्हती, व्यायच्या आधी आठ दिस आटली. मग पाण्यासंगं दिली, तर हे उठून दारापतूर गेले की! शेळी व्याली, दूध सुरू झालं, पुन्हा पाय खिळले. सून म्हणली योगायोग. म्हणलं, बघूच. दोन दिवस दूध, दोन दिवस पाणी, असं आळीपाळीनं केलं. दुधाचा पांढरा धागा, पाण्याचा काळा. ज्या दिवशी एकटे चालले, त्या दिवशी गाठ."

पांढऱ्या धाग्याला एकही गाठ नव्हती. काळ्याला सात होत्या.

दुधातल्या प्रथिनांची आणि या औषधाची आतड्यातली वाट एकच. दुधाची गर्दी झाली की औषध मागं राहतं. अगं बाई, हे मला कॉलेजात तोंडपाठ होतं! आणि दीड वर्ष मी पाकिटावर 'दिवसातून तीनदा' खरडत बसले. कशाबरोबर देता, हे एका शब्दानं विचारलं नाही. लाज वाटली मला माझी.

शटर अर्धं ओढलं आणि मावशीला घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्यांनी गाठी बोटांनी चाचपल्या. "मावशी, हे मी विचारायला हवं होतं," म्हणाले. गोळी पाण्याबरोबर, जेवणाच्या तासभर आधी, दूध नंतर. आजार वेगळा धरायची गरज उरली नाही.

परतताना रिक्षात मावशी रडली. "म्हंजी मीच आडवी आले व्हय? मी तर मायेनं पाजत व्हते."

"मावशी, चूक आमची. शोध तुमचा," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

गेल्या रविवारी मी बजाजनगरला गेले. कारभारी स्वतः शेळीची धार काढत होते. आजार गेलेला नाही, थोडी धार बाहेर सांडतच होती. पेला भरला तसे ते उठले. खाट कुणी आणलीच नव्हती. अंगण ओलांडून, एकटे, ते मावशीपर्यंत आले.

"दीड वरीस मलाच पाजलंस. आता तू पी."

"म्हातारपणी काय हे चाळे! मॅडम बघत्यात," मावशी कडाडली. मग पदरानं डोळे पुसले आणि उभ्या उभ्याच पेला रिकामा केला.