एका दांड्यावरची दोन चाकं

हातात धरून कागदावरून ओढायच्या स्कॅनरची एक गोष्ट मी आजवर बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. निवृत्तीच्या समारंभात सांगितली, डिझाइन शिकणाऱ्या मुलांसमोर सांगितली, सोसायटीच्या गणपतीत कुणी विषय काढला तर तिथेही सांगितली. एका कचेरीत एक वयस्क कारकून कापऱ्या हाताने आमचं यंत्र कागदावरून ओढत होते, ते पाहून मला दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसवायची कल्पना सुचली, अशी ती गोष्ट. ऐकणाऱ्यांना ती आवडायची. ती खोटी आहे. असा कोणी कारकून नव्हता. तो हात माझ्या बायकोचा होता.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कंपनीत मी यंत्रांच्या रचनेचं काम करायचो. हा स्कॅनर आम्ही सुरुवातीपासून घडवला. लांबीला फूटपट्टीएवढा, जाडीला लाटण्याएवढा, खांद्याच्या पिशवीत सहज मावणारा. कागदाच्या वरच्या टोकाला तो आडवा ठेवायचा, बटण दाबायचं आणि खालपर्यंत ओढत न्यायचा. त्याच्या पोटाखालची काच एकेक ओळ वाचत जायची. विम्याचे एजंट, वकील, घरोघर फिरून कागद गोळा करणारी माणसं यांना तो हवा होता. आता खिशातला मोबाइलच कागदाचा फोटो काढतो. आमचं यंत्र कुणाच्या कपाटात पडलेलं असेल तर असेल.

टेबलावरच्या मोठ्या स्कॅनरमध्ये मोटर असते. आमच्या यंत्राची मोटर म्हणजे माणसाचा हात. हात वाकडा गेला की चित्र वाकडं, हात डगमगला की कागदावरच्या सरळ रेघा पाण्यात पाहिल्यासारख्या दिसणार. पहिल्या नमुन्यात दोन टोकांना दोन सुटी चाकं होती. एक चाक पुढे पळालं आणि दुसरं मागे राहिलं की सगळं बिघडायचं.

हे तपासायला कच्चा हात लागतो. कंपनीतल्या आम्हा सगळ्यांचे हात एव्हाना सरावले होते, आम्ही डोळे मिटूनही सरळ ओढू शकलो असतो. म्हणून मी नमुना पिशवीत घालून घाटकोपरला घरी आणायचो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायकोपुढे ठेवायचो.

"अगं, एकदा ओढ ना."

"भात उतरवू की तुमचं हे लाटणं फिरवू?"

"आधी भात उतरव."

मग पदराला हात पुसून ती बसायची. आधी मी दिलेला चौकटी-चौकटींचा कागद, मग तिला हवं ते. दूधवाल्याचं बिल, लग्नपत्रिका, मासिकातून कापलेली पाककृती. जास्त वेळ बसवलं की तिच्या तोंडी मालवणी यायची. "माझो हात काय तुमच्या कंपनीत कामाक लागलो हा? पगार सांगा आधी." मी म्हणायचो, पगारात मासे आणतो. ती म्हणायची, पापलेट आणा, बांगड्यावर भागवू नका. ते दिवस चांगले होते. हे लिहिताना मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणाला ते खरे वाटणार नाहीत.

काही महिन्यांनी तिच्या कागदावरच्या रेघा लाटांसारख्या येऊ लागल्या. मी तिच्यावर चिडायचो. "हात सरळ ठेव ना, किती वेळा सांगायचं?" ती ओठ दाबून पुन्हा ओढायची. पुन्हा लाट. मी चाकं बदलली, रबर बदललं, काही फरक पडेना. शेवटी एका संध्याकाळी ऑफिसात बसून मी तिने सुरुवातीला काढलेली चित्रं उघडली आणि नवीन चित्रांच्या शेजारी ठेवली. सुरुवातीची जवळजवळ सरळ होती. मी खात्री करून घेण्यासाठी तोच जुना नमुना पुन्हा घरी नेला. तेच यंत्र, तोच चौकटीचा कागद, तेच टेबल. लाट आली.

यंत्र बदललं नव्हतं. हात बदलला होता.

हे मला कळलं. कळलं नाही असं मी पुढे सांगितलं, मनाशीही तेच घोकलं, पण मला कळलं होतं. आणि कळल्यावर माझ्या मनात जे आलं ते लिहिणं हेच या लिखाणाचं कारण आहे. मनात आलं, हा हात फार कामाचा आहे. या हातात यंत्र सरळ चाललं तर ते जगातल्या कुठल्याही हातात चालेल.

त्यातूनच तो दांडा आला. दोन्ही चाकं एका लोखंडी दांड्यावर पक्की बसवली. आता एक चाक फिरलं की दुसऱ्याला तेवढंच फिरावं लागणार, यंत्राला वाकडं जाताच येणार नाही. वर थोडं वजन वाढवलं, रबर मऊ घेतलं. हाताचा धक्का वरच्या वर जिरायचा.

त्या वर्षीच्या दिवाळीत बायकोने दारात रांगोळी काढली. मुलगी नुकतीच लग्न होऊन मुलुंडला गेली होती, फराळाला आली होती. रांगोळीपुढे उभी राहून ती खो खो हसली. "आई, तुझे ठिपके पिऊन आलेत का गं? एक इकडे, एक तिकडे." बायकोही हसली. मी आतून ऐकत होतो.

पाहुणे गेल्यावर बायको माझ्याजवळ येऊन बसली. उजवा हात डाव्या हातात धरून म्हणाली, "अहो, माझ्या या हाताला काहीतरी झालंय. परवा चहा ओतताना कप चुकला. डॉक्टरांना दाखवू या का?"

नवीन नमुना माझ्या पिशवीत होता. मी तो काढला, कागद समोर ठेवला. "ओढ बघू."

तिने ओढला. मी चित्र लॅपटॉपवर दाखवलं. रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या.

"बघ," मी म्हणालो. "काय झालंय हाताला? काही नाही. उगाच मनाचे खेळ."

ती कितीतरी वेळ त्या रेघांकडे पाहत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "खरंच की हो," म्हणाली. "मी आपली घाबरत होते." त्यानंतर तिने डॉक्टरांचं नाव काढलं नाही. पुढच्या महिन्यात यंत्र तयार झालं, कंपनीत पेढे वाटले, आणि वयस्क लोकांच्या हाताचा एवढा विचार कसा केलात, असं एका मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा त्या कारकुनाची गोष्ट निघाली.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता ती भाजीबाजारात पडली. तपासणीत लहान मेंदूजवळ गाठ निघाली. हळू वाढणारी होती, पण वाढून वाढून आता वाईट जागी दाबत होती. सर्जन तरुण होते, सौम्य बोलणारे. म्हणाले, "एवढी व्हायला बराच काळ लागतो. लहान असती तर ऑपरेशन पुष्कळ सोपं होतं. हात कापणं, वस्तू सांडणं, नेम चुकणं, असं आधी काही जाणवलं नाही का?"

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, "नाही."

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली, आम्हाला ओळखलं, पाणी मागितलं. मग ताप चढला तो उतरलाच नाही. घरी ती परत आली नाही.

बाराव्याचं सगळं आटोपल्यावर मुलगी गॅलरीत उभी राहून रडत होती. "बाबा, डॉक्टरांनी विचारलं ना, नेम चुकायचा का म्हणून. मी पाहिलं होतं. दिवाळीत पाहिलं होतं. आणि मी हसले हो, हसले तिला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "तुझी काही चूक नाही." हे खरं होतं, आणि तरीही ते माझं सगळ्यात मोठं खोटं होतं, कारण चूक कुणाची हे मी सांगितलं नाही.

तिने ते मनात धरलं. नवऱ्याचं डोकं दुखलं की डॉक्टर, सासूचा पाय मुरगळला की डॉक्टर. रविवारी ती माझ्याकडे येते, तेव्हा आधी मला हात पुढे करून बोट नाकाला लावायला सांगते, नेम चुकतो का ते बघायला. मी लावतो. इतक्या वर्षांत एकदाही मी त्या वेळी तिच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात नातीचा फोन आला. ती कॉलेजात आहे. "आजोबा, प्लीज आईला समजवा ना. माझ्या जर्नलमधलं अक्षर बिघडलंय म्हणून ती मला मेंदूचा फोटो काढायला नेतेय. अहो, माझं अक्षर घाणेरडंच आहे, पहिलीपासून! बाईंना विचारा हवं तर."

मी हसलो. मग हसता येईना. मी रिक्षा केली आणि मुलुंडला गेलो.

मुलगी पिशवीत फाइल भरत होती. म्हणाली, "तुम्ही मधे पडू नका, बाबा. एकदा मी चुकलेय, परत नाही चुकणार."

"तू चुकली नव्हतीस," मी म्हणालो. "मला माहीत होतं."

आणि तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चित्रं शेजारी ठेवली ते, दांडा, दिवाळीची रात्र. हातातली फाइल तिने खाली ठेवली. शेवटी म्हणाली, "तिने स्वतः विचारलं होतं? डॉक्टरकडे जाऊ या म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही तिच्या हातात मशीन दिलंत."

"हो."

"तिला पटलं?"

"पटलं. खूश झाली होती."

त्यावर तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं. "आधी नेलं असतं तर वाचली असती?" तिने विचारलं. माझ्याजवळ तयार उत्तरं पुष्कळ होती. कुणाला काय सांगता येतं, नशिबात काय होतं, वगैरे. मी म्हणालो, "बहुतेक, हो."

"तुम्ही आता घरी जा, बाबा."

मी आलो. त्या दिवसापासून तिचा फोन नाही. नातीला तपासणीला नेलं नाही, एवढं कळलं.

काल रविवार होता. मी दोघांपुरतं कालवण केलं होतं, सवयीने. ती आली नाही. दुपार उलटल्यावर मी नातीला फोन लावला. ती कुजबुजत बोलत होती.

"आई झोपलीय, आजोबा. जेवून पडली ती अजून उठलेली नाही. ती कधी दुपारची झोपत नाही हो, एवढंसं खुट्ट झालं तरी जागी होते. आज मिक्सर लावला तरी उठली नाही, शांत घोरतेय. उठवू का? तुमचा फोन आहे म्हणून सांगू?"

"नको," मी म्हणालो. "उठवू नको तिला."