हाटपिपल्याच्या वाटेवरचे चौदा कोस

वाचकहो, जो सर्वांच्या पुढे पळतो तोच आधी पोचतो, असे तुम्हांला खरोखर वाटते काय? मला वाटत असे. तशी पत्रकेही मी छापून वाटली होती.

पुण्यात आमच्या तालमीने बारा कोसांची शर्यत ठेवली होती. सात कोस मी सर्वांच्या पुढे होतो आणि आठव्या कोसात रस्त्याच्या कडेला ओकत बसलो होतो. ती लाज घेऊन भाद्रपदात मी माळव्याची वाट धरली. महूला आगगाडी सोडली आणि टांग्याने धारेस मामांकडे गेलो. मामा तेथे दरबारात कारकून. वाटेने दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि डोक्याइतकी ज्वारी. गावाच्या भोवती तलाव भरलेले होते आणि काठावर बायका धुणे धूत मराठीत भांडत होत्या. घरापासून इतक्या दूर ते भांडण ऐकून बरे वाटले.

रात्री मामींनी बाफले (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) तुपात बुडवून वाढले. माझी हकिगत ऐकून मामा हसले.

"तुला पळायला शिकवायला नको, हळू जायला शिकवायला हवं. देवासला रखमाजी हरकारा आहे. डाक घेऊन हाटपिपल्याला जातो. त्याच्या पायांशी जाऊन बस."

देवास म्हणजे एक टेकरी आणि तिच्या पायथ्याशी एक गाव, दोन राजांत वाटलेले. रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची. रखमाजीबाबांचे घर विचारले तर एका पातीतल्या वाण्याने दुसरीकडे बोट दाखवले आणि दुसरीतल्याने परत पहिलीकडे. शेवटी बाबाच भेटले. पन्नाशीचे, वाळक्या अंगाचे, खांद्यावर घुंगरांची काठी. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले होते. घरात विधुर बाबा एकटेच, एकुलती मुलगी गंगू हाटपिपल्यास दिलेली.

माझी मागणी ऐकून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "पुण्याहून चालायला शिकायला आलात, भिया (भाऊ)? तिथं रस्ते नाहीत का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हाती तांब्या दिला. "एक घोट तोंडात धरा. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. कोस संपला की थुंका."

तोंड बंद, म्हणून श्वास नाकाने. नाकाला पुरेल तेवढाच वेग. पावपाव कोसाला माझा घोट सुटे आणि बाबा म्हणत, "पंडित पुन्हा सांडला!" आठ दिवसांनी मी एक कोस कसाबसा टिकलो. त्यांच्या काठीची घुंगरे मात्र पहिल्या पावलाला जशी वाजत, तशीच शेवटच्या पावलाला.

नवव्या दिवशी पहाटे हाटपिपल्याहून रात्रभर चालून दमलेला माणूस आला. गंगू बाळंत होऊन दोन दिवस झाले होते. मुलगा झाला होता, पण रक्त थांबत नव्हते. बाबांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना उठवले. त्यांनी एक लहान बाटली दिली आणि सांगितले, "दुपारच्या आत पोटात जाऊ द्या." खाळ (ओढे) भरून वाट मोडली होती. ना टांगा जाई, ना घोडा. डाकेची थैली आणि काठी बाबांकडे होती, म्हणून बाटली माझ्या झोळीत आली.

निघालो. बाबांची घुंगरे रोजच्यासारखीच वाजत होती. दोन कोस मी सोसले, मग घोट थुंकून ओरडलो, "बाबा, आज तरी पळा! तुमची मुलगी मरते आहे!"

त्यांनी पाणी थुंकले. "म्हणूनच पळत नाही. दुपारी पोचतो. चला."

"तुमच्या छातीत काळीज आहे की डाकेची थैली?"

हे मी म्हणालो. वाचकहो, हे माझेच शब्द. आणि मी पळत सुटलो. मागून त्यांची हाक आली, "भिया, पळा हवं तर, पण बाटली देऊन जा!" मी ती स्पष्ट ऐकली आणि थांबलो नाही.

नवव्या कोसात पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारले. रस्ता सोडून शेतातल्या विहिरीकडे सरपटत गेलो, पाणी प्यालो आणि पळसाखाली पडलो. जागा झालो तेव्हा सूर्य माथ्यावरून कलला होता. ज्वारी इतकी उंच होती की रस्त्यावरून जाणाऱ्याला मी दिसणे शक्य नव्हते.

उठून लंगडत निघालो. गाव तीन कोस राहिले असताना समोरून घुंगरे ऐकू आली. बाबा दुपारी पोचले होते आणि मी पोचलो नाही हे पाहून उलटे फिरले होते. त्यांनी हात पुढे केला. मी बाटली दिली. ते वळले आणि त्याच चालीने दिसेनासे झाले.

हाटपिपल्याच्या नरसिंहाच्या देवळाचा कळस दिसला तेव्हा दिवेलागण होत होती. घराच्या दारात सुईण बसली होती. बाटली तिच्या मांडीवर, भरलेली.

"दुपारपर्यंत गिळत होती हो," ती म्हणाली. "मग दातच उघडेनात."

आत बाबा गंगूच्या उशाशी बसले होते. तान्हे मूल कोणीतरी शेजारी पाजायला नेले होते.

गंगूला अग्नी दिला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या पायांवर पडलो. "बाबा, मला मारा."

"मारून तुमची चाल सुधारेल?" त्यांनी काठी उचलली. "उठा. डाक तुंबली आहे."

परतीचे चौदा कोस मी त्यांच्या मागून आलो. एकदाही मागे पडलो नाही आणि घोटही सुटला नाही. बाबांनी वळून पाहिले नाही. जी चाल शिकायला मी पुण्याहून आलो होतो, ती मला त्या दिवशी आली.

आता मी घरी आहे. तालमीतले मित्र म्हणतात, यंदा तूच जिंकशील. बहुधा जिंकेन. त्या विचाराने अन्न गोड लागत नाही. दोष माझा आहे आणि मी तो कोणावर ढकलत नाही. पण बाईच्या अंगातले रक्त थांबवणारी बाटली तिच्या गावात नसावी, चौदा कोसांवर असावी, आणि ती आणायला बापाचे पाय व एका मूर्खाची झोळी एवढेच साधन असावे, हेही मला सहन होत नाही. हाटपिपल्यास आजही ती सुईण एकटी आहे, आणि तिच्या हाती औषध नाही. सुईणीचे शिक्षण घेतलेली, तेथे राहायला तयार होईल अशी एखादी बाई तुमच्या घरात किंवा शेजारात असेल, तर आज दिवा लावण्याआधी तिच्याकडे जा आणि हे पान तिला वाचून दाखवा.