ताईची गाडी भोजपूरला जाते

भोपाळचं नवं स्टेशन विमानतळाचा आव आणतं. काचेच्या भिंती, सरकते जिने, चकचकीत फरशी. आणि बाहेर पडलं की तेच जुने ऑटोवाले. मला ऑटोची गरज नव्हती. माझी थोरली बहीण सुमाताई आपल्या पंचवीस वर्षं जुन्या पांढऱ्या गाडीला टेकून उभी होती. निवृत्त गणित शिक्षिका असल्यामुळे तिने आधी घड्याळ पाहिलं, मग मला.

"बस. उद्या तुला भोजपूर दाखवते."

ताई रायसेन रोडवरच्या आनंद नगरात राहते. घर एका वळणावर राहिलं असताना ताईने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला; गाडीने ते मनावर घेतलं नाही. इंजिन ओरडतच राहिलं. ताईने क्लच आणि ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली, चावी फिरवली. एकदम शांतता झाली.

"परत अडकलं," ती म्हणाली. "ह्यांना सांगू नकोस."

सांगायची गरजच पडली नाही. ताई उघड्या दारातून स्टिअरिंग धरून आणि मी मागून ढकलत अशा थाटात आम्ही फाटकाशी पोचलो, तेव्हा भाऊजी तिथे उभेच होते. भाऊजींनी आयुष्यभर मोठ्या कारखान्यात टर्बाइनं बनवली. निवृत्तीनंतरही ते घरात बैठकीत बोलल्यासारखं बोलतात.

"निर्णय झालेला आहे. उद्या सकाळी कबाडी (भंगारवाला) गाडी न्यायला येतोय."

"गाडी माझी आहे," ताई म्हणाली.

"जीवही तुझाच आहे."

ताईचा चेहरा मी पाहिला. पन्नाशीला टेकल्यावर ती या गाडीवर ड्रायव्हिंग शिकली. बाजार, मैत्रिणी, भोजपूर, सगळीकडे ती स्वतः गाडी चालवत जाते. घरातली नवी गाडी भाऊजी कुणाच्या हातात देत नाहीत. ही गेली की ताईला कुठेही जायला 'अहो, जरा सोडता का' म्हणावं लागणार होतं.

"आज संध्याकाळपर्यंत दोष सापडला तर?" तिने विचारलं.

"तर ठेव. शोध की!" भाऊजी हसून म्हणाले. लहान मुलाला चंद्र आण म्हणावं, तसं.

इंजिन थंड होईपर्यंत आम्ही पोहे-जिलेबी खाल्ली. पोह्यांवर शेव आणि जीरावन (आंबट-तिखट मसाला), शेजारी गरम जिलेबी. पुण्यात या जोडीला गुन्हा समजतील. इथे तो नाश्ता आहे आणि उत्तम आहे.

तेवढ्यात समोरचे तिवारीजी चहाचा कप घेऊनच आले. तेही त्याच कारखान्यातले. दोघा इंजिनिअरांनी बोनेटपासून सुरक्षित अंतरावर खुर्च्या टाकल्या.

"स्प्रिंग गई है, भाईसाहब."

"स्प्रिंग हे लक्षण आहे, तिवारीजी. कारण नव्हे."

चर्चा धातूंच्या थकव्यापर्यंत गेली. इकडे ताईने पदर खोचला. माझं ज्ञान तरुणपणीच्या स्कूटरपुरतं, पण कार्ब्युरेटर कुठे असतो हे मला माहीत होतं.

"एकेक पद बाजूला काढायचं," ताई म्हणाली. "आधी केबल सोडव."

मी कार्ब्युरेटरच्या लिव्हरवरून पेडलकडून येणारी केबल सोडवली. ताईने आत वाकून पेडल हाताने दाबलं. केबल लोण्यासारखी सरकली. म्हणजे पेडल आणि केबल निर्दोष. मग मी लिव्हर बोटाने फिरवला. तो गेला, पण परत येईना. स्प्रिंग बिचारी ओढत होती.

"इथेच आहे!" मी ओरडले. खुर्च्यांवरची चर्चा थांबली.

लिव्हरच्या मुळाशी एक काळा गोळा होता. मी त्याला जुनं ग्रीस समजले. ताईने क्रोशाची सुई आणली, आत घालून हलकेच ओढली. एक टोक बाहेर आलं. लाल.

"अहो," ताई फार गोड आवाजात म्हणाली, "हे काय आहे?"

भाऊजी उठून आले आणि वाकून बघू लागले. खंडेनवमीला सगळं जग गाडीच्या बोनेटवर स्वस्तिक काढतं. भाऊजींना ते ढोबळ वाटतं. पूजा यंत्राची करायची, पत्र्याची नाही, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून दरवर्षी बोनेट उघडून ते थेट लिव्हरला हळद-कुंकू वाहत आणि कलावा (पूजेचा लाल धागा) बांधत. जुना कधीच काढला नव्हता. कुंकू, तेल, धूळ आणि धागे यांचा तिथे गोळा झाला होता.

"पूजेचा धागा कापायचा नसतो," भाऊजी क्षीणपणे म्हणाले.

"कापत नाहीये. सोडवतेय."

तिवारीजींनी कप खाली ठेवला. "भाईसाहब, ये तो श्रद्धा जाम हो गई थी!"

धागे निघाले. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने मी मूळ घासलं, केबल परत अडकवली. ताईने पेडल दाबून सोडलं. टक्! लिव्हर जागेवर. मग इंजिन सुरू केलं. ते ओरडलं, आणि पाय उचलताच शहाण्यासारखं गुरगुरायला लागलं. कॉलनीला चकरा मारून ताई परतली, तेव्हा भाऊजी फाटक उघडून उभे होते.

"पुढच्या वर्षी स्टिअरिंगला बांधेन," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी फूल वाहा. पत्र्यावर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच निघालो. भोजपूरचं मंदिर राजा भोजाने बांधायला घेतलं आणि ते तसंच अर्धवट राहिलं. अवाढव्य शिवलिंगासमोर आम्ही मान वर करून उभ्या होतो, तेव्हा ताईला भाऊजींचा फोन आला.

"कबाडी आलाय. काय सांगू?"

"गाडी भोजपूरला गेलीय म्हणून सांगा. आणि त्याला रिकामा पाठवू नका, तुमचा गंजलेला कूलर द्या."

मी घरी परत निघताना ताईने त्या धाग्यांतला एक धुऊन माझ्या मनगटाला बांधला. धुतला तरी पेट्रोलचा वास गेला नव्हता. परतीच्या रेल्वेत समोरच्या गृहस्थांनी आदराने विचारलं, "कौन से मंदिर का है?"

"कार्ब्युरेटर का," मी खरं तेच सांगितलं.

त्यांनी हात जोडले. मलाही ते योग्यच वाटलं.