पाटी होती, किल्ला नव्हता

बाबांना कॅलिफोर्नियात आमच्याकडे, सनीव्हेलला येऊन महिनाही झाला नव्हता आणि त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. का, तर म्हणाले, "अगं मुग्धा, इथे चढायला काही नाही."

बाबा साताऱ्याचे. वीज मंडळात नोकरी केली आणि दर रविवारी एक गड केला. आई गेल्यापासून शनिवारीही गडावरच. आमच्याकडे ते अपार्टमेंटचा जिना चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी शेवटी काळजीने विचारलं, किल्ली हरवलीये का? त्यांना असं परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी नकाशात 'फोर्ट' शोधायला लागले आणि नेवाडात, रिनोच्याही पुढे, वाळवंटात एक सापडला. सैनिकांचं जुनं ठाणं. नावापुढचे बारीक अक्षरातले शब्द वाचले असते तर बरं झालं असतं.

नवरा समीर नागपूरचा. एकही गड चढलेला नाही. तो म्हणाला, "यार, पाच तास ड्राइव्ह करून किल्ला?" बाबा म्हणाले, "समीरराव, किल्ल्यासाठी पायी आठ तास गेलोय मी." विषय संपला.

शुक्रवारी सकाळी ट्रॅफिकच्या आधी निघालो. सॅक्रामेंटोनंतर सिएराचा घाट लागतो. रस्ता सुरेख आहे, पण ऑक्टोबर उलटल्यावर जाणार असाल तर टायरच्या साखळ्या बरोबर ठेवा. घाटात बाबा खुशीत होते. दर वळणावर बोट दाखवून "इथे एक बुरूज बसला असता" म्हणायचे. आमची लेक इरा, वय अकरा, मागच्या सीटवर हेडफोन लावून. आजोबा मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघांनाही वाटायचं की संवाद चाललाय.

रिनोला मोटेलात मुक्काम केला. शुक्रवारी तिथे भाडी चढलेली असतात, जमलं तर मधला वार गाठा. शनिवारी निघताना पेट्रोल पूर्ण भरा, पाणी भरपूर घ्या, नकाशा फोनवर उतरवून ठेवा. पुढे रेंज जाते, ती जातेच. आणि बाथरूमचं गावातच उरका. वाटेत आडोसा म्हणून जी झुडपं आहेत, ती गुडघ्याएवढी.

मग "यू हॅव अराइव्ह्ड" असं फोनने जाहीर केलं. समीरने गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला एक दगडी खांब, त्यावर धातूची पाटी. नकाशातले ते बारीक शब्द 'हिस्टॉरिकल मार्कर' होते, म्हणजे नुसती पाटी. बाकी क्षितिजापर्यंत करडी झुडपं.

"देअर इज नथिंग हिअर," इरा म्हणाली.

बाबा ट्रेकचे बूट घालून, काठी घेऊन उतरले. चारी दिशांना पाहिलं. "दरवाजा कुठाय?"

मी पाटी वाचली. ठाणं काही वर्षांतच बंद पडलं, लाकूड लोकांनी नेलं, मातीच्या विटांच्या भिंती विरघळून गेल्या. "बाबा, किल्ला... होता," मी म्हणाले.

मला वाटलं, आता उद्याचंच तिकीट मागणार. पण बाबांनी टोपी घट्ट केली. "पाणी शोधा. पाण्याशिवाय ठाणं बसत नाही." आणि ते तरातरा झुडपांत शिरले. ऊन डोक्यावर. सत्तरीचा माणूस लांब जाताना बघून मी घाबरले, समीरला म्हटलं गाडी घेऊन मागे चल. तो रस्ता सोडून जेमतेम दोन गाड्यांएवढं अंतर गेला आणि चाकं वाळूत रुतली. त्याने जोर लावला, चाकं आणखी खोल गेली.

रेंज नाही. आम्ही दोघं ढकलतोय, इरा चाकाखाली फांद्या घालतेय, आणि लांबून बाबा आनंदाने ओरडतायत, "ओढा सापडला!"

बऱ्याच वेळाने एक पिकअप आली. चालवणारी साठीची बाई, नाव डोना, जवळच तिची गुरं होती. तिने साखळी काढली, गाडीला अडकवली आणि आम्हाला दात उपटावा तसं बाहेर ओढलं. मग विचारलं, "इथे काय करताय?"

"आजोबा वॉन्टेड टू सी द फोर्ट," इरा म्हणाली.

"कुठला फोर्ट?" इतकी वर्षं तिथून जाऊन डोनाने पाटी कधी वाचली नव्हती. तिला वाटायचं, ती गॅसच्या पाइपलाइनची सूचना आहे.

हे कळल्यावर बाबा फुलले. मी डब्यातलं थालीपीठ आणि ठेचा काढेपर्यंत ते डोनाला किल्ला दाखवायला निघालेही. दुभाषी इरा. "इथे पागा होती, सांग तिला." "आजोबा, पागा म्हणजे?" "घोड्यांची खोली!" एका रुंद खड्ड्यापाशी ते गंभीरपणे म्हणाले, "हे दारूगोळ्याचं कोठार."

डोना मी दिलेलं थालीपीठ खात ऐकत होती, मग ठेचा लागून लाल झालेल्या तोंडाने म्हणाली, "हा माझ्या काकाने खणला. रस्त्याला खडी हवी होती."

सगळ्यात आधी बाबा हसले. मग पाटीपाशी येऊन म्हणाले, "इरा, सगळी वाच. मराठीत."

ती अडखळत वाचू लागली. "सोल्जर्स इथे... राहायचे. रस्ता... वाचवायला."

"कोणापासून?"

इराने पाटी पुन्हा वाचली. "लिहिलं नाहीये."

उत्तर डोनाने दिलं. इथले मूळ लोक पायूट. ही जमीन त्यांची होती, ओढाही त्यांचाच. त्यांच्यातले काही अजून पुढच्या गावात राहतात, तिची शेजारीण त्यांच्यातलीच.

बाबा गडावर पोचले की महाराजांच्या नावाची गारद देतात. खड्या आवाजात, समोरचा डोंगर उत्तर देईपर्यंत. मला माहीत होतं, ती त्यांच्या घशाशी येऊन थांबलेली आहे. त्यांनी खाकरून ती गिळली. "म्हणजे आपण चुकीच्या बाजूने आलो," ते म्हणाले. ओढ्याकडे तोंड करून त्यांनी हात जोडले.

"प्रार्थना करतायत?" डोनाने हळूच विचारलं.

"नो," इरा म्हणाली. "ही इज जस्ट सेइंग हॅलो."

रविवारी घरी परतलो. जावं का? तिकीट नाही, रांग नाही, फक्त वाळूत गाडी घालू नका. गड पाहायचा असेल तर मात्र जाऊ नका. बाबांनी साताऱ्याच्या ग्रुपवर पाटीचा फोटो टाकला, तर एका मित्राने विचारलं, "रस्ता चुकलात का?" तिकिटाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

परवा ऑफिसातून आले तर दोघं बाल्कनीत बसलेली. खाली पार्किंग लॉट, पलीकडे कंपन्यांच्या काचेच्या इमारती. बाबा विचारत होते, "कंपन्यांच्या आधी फळबागा होत्या. आणि बागांच्याही आधी?"

इराने टॅब्लेटवर वाचलं आणि शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "ओलोनी लोक. ते इथेच राहायचे, आजोबा. आपल्या खाली."

बाबांनी कठड्यावरून वाकून गाड्यांमधली जागा बघितली. "पाणी कुठून आणायचे, बघ जरा," ते म्हणाले.