सेनापतीची बाजू

उपसेनापतीला त्याच्या ग्रहाची बातमी लढाई संपेपर्यंत सांगायची नाही, हे सेनापतीनं बरोबर केलं की चूक, यावर आमच्या घरात अख्खा उन्हाळा भांडण झालं. पुस्तक आणलं मीच. मी शिरूरला सासरी असते, तिथल्या शाळेत शिकवते. एका प्रदर्शनात अवकाशातल्या लढायांचं हे जाडजूड बाड दिसलं आणि अब्बांना असलं आवडतं म्हणून वरवंडजवळ माहेरी घेऊन गेले. आधी अब्बांनी वाचलं, मग धाकट्या भावानं. तिथून पुढं माझं माहेरपण संपलंच. जेवायला वाढावं तर ताटावरही तेच.

गोष्ट एवढीच. ताफ्याचा सेनापती म्हातारा, कडक. त्याचा उपसेनापती जन्मला शत्रूकडच्या ग्रहावर, पण वाढला याच्या हाताखाली. ऐन लढाईच्या तोंडावर संदेश येतो की तो ग्रह जळतोय, आणि उपसेनापतीची आई तिथंच आहे. सेनापती संदेश दाबून ठेवतो. लढाई जिंकतात, मग सांगतो.

अब्बांनी दौंडला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये उभा जन्म काढलेला. ते म्हणायचे, सिग्नल देणाऱ्यानं आपलं माणूस कुठल्या डब्यात बसलंय ते बघायचं नसतं. पुण्य काय कुणीही घेईल, पाप अंगावर घेतो तो नेता. भाऊ रांजणगावला कंपनीत. शिफ्ट करून यायचा आणि बूट काढायच्या आत सुरू व्हायचा. पाप सेनापतीनं घेतलं हो, पण रडायचं कुणी? आई त्याची आणि निर्णय ह्याचा, हा कुठला न्याय? घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण भांडण मराठीतच रंगतं. मी म्हटलं, मला तर तो संदेश घेणाऱ्या पोरीचं वाईट वाटतं. सगळं तिच्या कानावर पडलं आणि मूग गिळून बसावं लागलं तिला. दोघंही हसले. ती दोन पानांची पोरगी, तिचं काय घेऊन बसलीस, असं अब्बा म्हणाले.

कधीकधी मामाही येऊन बसायचे. मामा म्हणजे शेजारच्या वस्तीवरचे मराठा बागायतदार. आईनं राखी बांधली तेव्हापासून ते मामा, आणि आई गेल्यावरही मामाच. पुस्तक त्यांनी उघडलंसुद्धा नव्हतं, तरी मत होतं. फौज कुणामुळं टिकते ते आधी बघा, म्हणायचे, आणि अब्बांच्या पानाच्या डब्यातलं पान लावून घ्यायचे.

त्याच वर्षी गावच्या सोसायटीची निवडणूक लागली. भाऊ मामांच्या पॅनेलमधून संचालक झाला. आता संचालकांनी चेअरमन निवडायचा होता आणि मामा एका मतानं पुढं होते. अशा वेळी आमच्याकडे सहल निघते. आपले संचालक गाडीत घालायचे, फोन काढून घ्यायचे, लांब कुठंतरी नेऊन ठेवायचे आणि मतदानाला थेट सोसायटीच्या दारात उतरवायचे. पलीकडचा गट भावाच्या वर्गमित्रांचा होता. मनातून त्याला तीच पोरं पटायची, पण शब्द मामांना दिलेला. थोरल्या बहिणीला आमच्यात बाजी म्हणतात. निघताना मला हसून म्हणाला, "बाजी, चाललो बघ अवकाशात."

तो गेला आणि अब्बांच्या छातीत दुखायला लागलं. दौंडला दवाखान्यात नेलं. भावाचा फोन बंद. मी मामांना लावला. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, आत्ता गाडी फिरवतो, पोराला घेऊन येतो. तेवढ्यात अब्बांनी पडल्यापडल्या माझ्या हातातून फोन घेतला.

"आणू नका त्याला. दवाखान्याच्या दारात त्याला गाठायला त्याचे दोस्त येऊन बसलेत. शब्द का बाप, अशी निवड करायला लावू नका माझ्या पोराला. मत पडूदे, मग धाडा."

मी भांडले. दवाखान्यात भांडले, नर्स बघत होती. म्हटलं, अब्बा, पुस्तकातला न्याय घरात चालत नाही. डॉक्टर म्हणाले होते आता बरं आहे, त्यामुळं अब्बांना जोर आला होता. मला काय धाड भरलीय, म्हणाले. आणि मग माझा हात धरून: "मीच सांगीन त्याला. पुस्तकाच्या भांडणात हरला म्हणून चिडवीन. तू मधी पडू नको."

सोसायटीत सभा चालू होती तेव्हा अब्बा गेले. चिडवायचं राहूनच गेलं.

मामा चेअरमन झाले, पण हार गळ्यात पडू दिला नाही. भावाला बाहेर घेतलं, खांद्यावर हात ठेवून सांगितलं की अब्बा गेले, आणि दुखणं मला परवाच कळलं होतं. एवढंच सांगितलं. आणू नका म्हणाले ते अब्बाच, हे काढलं नाही. भावानं तो हात झटकला. कुंपणानंच शेत खाल्लं, हे तो सगळ्या माणसांदेखत बोलला आणि दुसऱ्याच आठवड्यात संचालकपद सोडलं. कब्रस्तानात माती देऊन झाल्यावर मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला सांगू नको, पोरी. बापावर राग धरून जगता येत न्हाई. माझ्यावर धरूदे."

मी काय करायचं होतं? कितीदा ओठांवर आलं, कितीदा गिळलं. सांगावं तर मेलेल्या बापाला त्याच्यापुढं उभं करायचं, न सांगावं तर जित्या मामाला रोज मरू द्यायचं. अब्बांची मला आठवण येते आणि त्यांचा रागही येतो. दोन्ही एकदमच येतात.

अब्बांच्या वर्षाला फातिहा झाली, माणसं पांगली. मामा ओट्याच्या कडेला टेकले होते. आत या म्हणायला आता अब्बा नव्हते. भाऊ फळीवरचं काहीतरी काढत होता, त्याच्या हाताला ते पुस्तक लागलं. त्यानं धूळ झटकली. मामांकडे पाठ करून, पण त्यांना ऐकू जाईल असं तो मला म्हणाला, "बाजी, हा सेनापती हरामखोर होता. अब्बा उगाच त्याची बाजू घ्यायचे."

मी मामांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"व्हय बाबा," मामा म्हणाले. "व्हता."

माझं काळीज फाटलं. चहा उतू चालला होता म्हणून मी आत पळाले, पदर तोंडात कोंबून रडले. मग डोळे पुसून दोन कप भरले आणि दोघांना नेऊन दिले. दोघांनीही माझ्याकडे न बघता घेतले.