हिरव्या पट्ट्यातली पोरगी

चुडाव्याच्या अलीकडच्या एका गावात मी अंगणवाडी चालवते. महिन्यातून एकदा लेकरांची वजनं करायची आणि तक्त्यावर ठिपका मांडायचा. ठिपका हिरव्या पट्ट्यात आला की लेकरू चांगलं, पिवळ्यात आला की लक्ष ठेवायचं, त्याच्या खाली गेला की दवाखाना. एवढं सोपं काम. आकडा कशाला खोटं बोलेल, असं मला मेलीला वाटायचं.

एका घरची सून माहेरी बाळंत झाली आणि दोन महिन्यांची पोरगी घेऊन सासरी आली. कार्डावर जन्माचं वजन सव्वादोन किलो होतं, म्हणजे कमीच. मी अंगणवाडीत बोलावलं तर सासूचा निरोप आला, "घरीच या मॅडम. एवढंसं लेकरू उन्हात कुठं आणावं?" मी काटा पिशवीत घालून गेले. ओसरीच्या आढ्याला कडी होती, तिला काटा अडकवला, खाली झोळी बांधली. सासूनं आतून लेकरू आणलं. टोपडं भुवयांपर्यंत ओढलेलं, कपाळावर आणि दोन्ही गालांवर काजळाचे हे मोठाले ठिपके.

"मावशी, तीट लावलीय का तोंड सारवलंय?" मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. वजन भरलं थेट हिरव्या पट्ट्यात. पोरगी झकास सावरली की, असं तोंडातून निघणारच होतं, तेवढ्यात म्हातारीनं माझं मनगट धरलं. "काय म्हणू नका. नुसतं लिहा." मी मुकाट्यानं लिहिलं.

पुढच्या महिन्यात ठिपका आणखी वर गेला. पण त्या दिवशी सुनेनं लेकरू झोळीतून उचललं, तेव्हा मला खटकलं. शेजारणीचं लेकरू घटकाभर धरावं तसं तिनं ते अंगापासून दूर धरलं होतं. पोरीनं पदराशी तोंड नेलं, तर हिनं मान वळवली आणि लेकरू सासूकडे दिलं. असते एकेक बाई अबोल, म्हणून मी सोडून दिलं.

तिसऱ्या खेपेला दुपारची वेळ होती. पोरगी झोळीत गाढ झोपली होती. मी काट्याकडे पाहत होते आणि घरात लेकरू रडायला लागलं. बारीक, कोरडं रडणं, मधेच तुटणारं. मी झोळीत पाहिलं. पोरीचं तोंड मिटलेलं होतं, श्वास एका लयीत चाललेला.

"मांजर व्यायलीय आत," सासू म्हणाली.

मी सुनेकडे पाहिलं. ती खाली बघत होती आणि तिच्या चोळीवर, डाव्या बाजूला, ओला डाग पसरत चालला होता. दोन लेकरांची आई आहे मी. मांजराच्या पिल्लाच्या आवाजानं बाईला पान्हा फुटत नाही. तरी मी काय केलं? वजन लिहिलं, काटा काढला आणि घरी आले. का, ते अजून कळत नाही. भ्याले, दुसरं काय. त्या महिन्यात मी जेवायला बसले की ते रडणं कानात यायचं. नवरा म्हणायचा, "काय ऐकायलीस?" मी म्हणायची, काही नाही.

चौथ्या खेपेला आतून काहीच आवाज आला नाही. घटकाभर बसले, मुद्दाम पाणी मागितलं, चहासुद्धा मागितला. आतून काहीच नाही. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मी झोळीतली पोरगी काढून सासूच्या हातात दिली आणि सुनेला म्हणाले, "तुझी कुठं आहे?"

"ताई," ती इतकंच म्हणाली, आणि हमसून रडायला लागली.

मी आत घुसायला निघाले. म्हातारी दारात आडवी झाली. सुनेनं रडतच सांगितलं, झोळीत बसायची ती पोरगी म्हातारीच्या लेकीची होती. लेक पिंगळीला दिलेली. बाळंतपणाला माहेरी आली ती परत गेली, असं मला सांगितलं होतं. ती लेक मागच्या खोलीतच होती, आणि सुनेची पोरगीही तिथंच. म्हणजे चार महिने मी भलत्याच लेकराचे ठिपके मांडत होते!

"अवो, का पण?" मी ओरडले. माझा राग गावाला ठाऊक आहे.

"हिचं मागलं पोरगं तुमीच तोललंव," म्हातारी म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "ह्याच कडीला. काय गुटगुटीत हाय, म्हणलाव. पंधरा दिवसांत ताप आला आन गेलं. लेकीची दणकट हाय; ह्या एवढुशीला दीठ सोसायची न्हाई."

मला ते आठवतच नव्हतं. पोरगं गेल्याचं आठवत होतं, पण माझं बोलणं नाही. गुटगुटीत आहे, हे मी गावातल्या प्रत्येक लेकराला म्हणते, तोंडाला वळण पडलंय. एका घरात तो शब्द तीन वर्षं जपून ठेवलाय, हे मला कसं कळावं? सगळा राग उतरला. भांडून ही बाई बाजूला व्हायची नव्हती, आणि आतलं लेकरू गप्प होतं.

"मी बघत नाही," मी म्हणाले. "पाठ फिरवते. तुमची सून दहावी शिकलीय, ती आकडा वाचेल. मी शब्द काढणार नाही."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. कडी करकरली. लेकरू झोळीत ठेवल्याचं कळलं, पण हूं की चूं नाही.

"तीन किलो," सून म्हणाली. "तीनला दोन रेघा कमीच." पोरगीला सहावा महिना लागला होता. मग ती सासूकडे वळली असावी, कारण आवाज बदलला. "आत्याबाई, हिला तर कुणी बघितलंबी न्हाई. मग हिला कुणाची लागली?"

मागं कडी करकरली; म्हातारीनं लेकरू पदरात घेतलं असावं. मी तशीच भिंतीकडे बघत गाडीसाठी फोन लावला.

पोरगी वाचली, हे आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. परभणीच्या दवाखान्यात मायलेकी महिनाभर राहिल्या. त्या दुपारी मात्र काहीच खरं नव्हतं. जीपमध्ये सून पुढं बसली, म्हातारी माझ्याशेजारी, लेकरू तिच्या पदराखाली झाकलेलं. मी बाहेर बघत होते, शब्द दिला होता ना. फाट्यापाशी म्हातारीनं पदर बाजूला केला, लेकरू उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. काडीएवढे हात, आणि उघडे, कोरडे डोळे माझ्याकडे लागलेले.

"बघा," म्हातारी म्हणाली. "नीट बघा हिला, बाई."