मागे जाणारा शब्द

अरुंद फुटपाथवरही आम्ही पाच मैत्रिणी ट्रेकला चालतो तशाच एकामागे एक चालतो. पुढची "खड्डा!" म्हणाली, की तो शब्द एकेकीच्या तोंडून मागे येतो. मी कायम शेवटची, त्यामुळे माझ्यापाशी येऊन तो गप्प होतो. मला ते बरं वाटायचं.

काल आमच्यातली रेवा म्हणाली, "मॅडम, आज तू पुढे. नाहीतर तोंडाला बुरशी येईल तुझ्या."

फोर्ट भागातल्या जुन्या इमारतींच्या कमानींखाली गार सावली होती. पुढे कुणाचीच पाठ नव्हती, नुसतं शहर होतं. एक तुटकी फरशी आली. मी गप्प राहिले असते, तर मागची अडखळली असती.

"फरशी!"

माझा शब्द एकेकीच्या आवाजात मागे मागे गेला. शेवटी तो इतक्या लांबून ऐकू आला, की मीही तिथवर पोचलेय असं वाटलं.